विचारलं तर तिच्या मनात पुन्हा तेच येईल का?

इंदूरच्या रामबागेतल्या एक आई लॉकडाऊन उठल्यावर माझ्याकडे आल्या, त्या हाच प्रश्न घेऊन. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) २०२१च्या उन्हाळ्यात त्यांच्या पंधरा वर्षांच्या लेकीने घरातल्या गोळ्या घेतल्या होत्या. थोड्या वेळाने तिनेच घाबरून मामेभावाला फोन केला, म्हणून निभावलं. पण घरी आल्यापासून त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. "उगाच उकरून काढू नका," असं आजींनी बजावलं होतं.

बहुतेक आईवडील मला हेच विचारतात. जीव द्यावासा वाटतो का, असं मायेने पण थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. यावर पुष्कळ संशोधन झालं आहे. उलट मुलांना बोलायला वाट मिळते.

मी आईसमोरच मुलीला विचारलं. ती म्हणाली, "ठरवलं वगैरे काही नव्हतं. ऑनलाइन क्लास बुडला म्हणून बाबा ओरडले, आणि डबा समोरच होता."

तो डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, कायम फ्रिजवर. दुकानं बंद राहतील या धास्तीने भरलेला. आजींच्या बीपी-शुगरच्या काही महिन्यांच्या गोळ्या, दुसऱ्या लाटेत तापासाठी आणून ठेवलेलं पॅरासिटामॉल, आजोबा गेल्यावर तशाच राहिलेल्या झोपेच्या गोळ्या. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, त्यांवर ना नाव, ना तारीख. तेव्हा शाळा बंद, मैत्रिणी दुरावलेल्या, घरात क्षणाचा एकांत नाही, आणि त्यात हा साठा हाताशी. अमेरिकेत फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयाने इमर्जन्सीत आणलेल्या १२ ते १७ वर्षांच्या मुलींचं प्रमाण २०१९पेक्षा सुमारे ५१ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणून एकट्या स्वतःला दोष देत बसू नका, असं मी त्या माउलीला सांगितलं.

अशी अनावर घटका बऱ्याचदा लवकर ओसरते. तेवढ्या वेळात गोळ्या हाती न लागणं फार मोलाचं. ब्रिटनने १९९८मध्ये पॅरासिटामॉलची पाकिटं लहान केली आणि त्या गोळ्यांनी होणारे मृत्यू कमी झाले.

"पण औषधांच्या कपाटाला कुलूप लावलं तर तिला वाटेल, आपल्यावर विश्वास नाही." आईंची ही शंकाही रास्त होती. मी म्हटलं, तिच्यापासून लपवून लावू नका. का लावताय ते तिला सांगा, आणि घरातल्या सगळ्यांचीच औषधं कपाटात जाऊ द्या. खरा विरोध आजींचा झाला! त्यांना आठवडाभराच्या कप्प्यांची डबी दिली, तीही सून भरून देते आणि आजी आपल्या खोलीत जपून ठेवतात. मुदत संपलेल्या पट्ट्या कचरागाडीच्या घातक घरगुती कचऱ्याच्या कप्प्यात गेल्या. इंदूरात ही सोय आहे, तिचा उपयोग करा.

कुणी गोळ्या घेतल्याचं कळलं, तर त्रास दिसण्याची वाट पाहू नका. पॅरासिटामॉलमध्ये पहिला दिवस माणूस बरा वाटू शकतो आणि आत यकृताला इजा होत असते. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. रिकाम्या पट्ट्या घेऊन सरळ इस्पितळ गाठा. घरी मीठपाणी पाजून उलटी करवू नका. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून काही लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतं. आणि नुसतं बोलायचं असेल, तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत लागतो.