'टर्न इट ऑफ' चालतं, मग 'लुक इट आफ्टर' का नाही? फ्रेझल व्हर्ब लक्षात कसे ठेवायचे?

फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि 'ऑफ', 'अप', 'आफ्टर' असा छोटा शब्द यांचा जोड. तुमच्या प्रश्नात दोन अडचणी आहेत. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या क्लासमध्ये मिळालेली 'पुट', 'गेट', 'टेक' अशी क्रियापदवार यादी घोकूनही विजयनगरच्या मुलाखतीत ऐन वेळी काही आठवत नाही, ही एक. आणि 'इट' नेमकं कुठे घालायचं, ही दुसरी. दुसरी आधी घेतो, तिला पक्का नियम आहे.

'अप', 'ऑफ', 'ऑन', 'आफ्टर' हे शब्द दिसायला एकाच जातीचे, पण वाक्यात कधी क्रियापदाला चिकटतात, तर कधी पुढच्या नामाला. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही व्याकरण शिकवणाऱ्यांची आवडती जोडी घ्या. पहिल्या वाक्यात 'अप' टेकडीचा आहे: तो टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात 'अप' 'रॅन'चा आहे: त्याने बिल वाढवून ठेवलं. आता दोन्हीकडे नामाऐवजी 'इट' घाला. टेकडी असेल तर 'रॅन अप इट', बिल असेल तर 'रॅन इट अप'. म्हणजे शब्द क्रियापदाचा असेल तर सर्वनाम मधे शिरतं, नामाचा असेल तर शेवटी राहतं. 'ऑफ' हा 'टर्न'चा, म्हणून 'टर्न इट ऑफ'. 'आफ्टर' पुढच्या माणसाचा, म्हणून 'लुक आफ्टर हिम'.

सर्वनाम नसेल, साधं नाम असेल, तर पहिल्या प्रकारात दोन्ही जागा चालतात: 'टर्न ऑफ द फॅन', 'टर्न द फॅन ऑफ'. कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटीच ठेवा. 'ही टर्न्ड डाऊन द ऑफर दॅट द कंपनी मेड लास्ट वीक' यातली सगळी शेपूट 'टर्न्ड' आणि 'डाऊन'च्या मधे कोंबली तर ऐकणाऱ्याचा दम 'डाऊन' येईपर्यंत निघून जातो.

कानानेही ओळखता येतं. 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर पडतो. 'लुक ॲट इट' म्हणताना जोर 'लुक'वर आणि 'ॲट' जवळजवळ गिळला जातो. आपण दोन्हीकडे सारखा जोर देतो, म्हणून हा फरक आपल्या कानात बसत नाही. शंका असेल तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा कोश उघडा. तिथे नोंदच 'टर्न समथिंग ऑफ' आणि 'लुक आफ्टर समवन' अशी लिहिलेली असते. 'समथिंग' मधे आहे की शेवटी, एवढंच पाहायचं. पुष्कळ जण अर्थ वाचतात आणि नेमकं हेच वगळतात.

इथे एक गल्लत होते. अर्थ सरळ लागत नाही म्हणजे शब्द सुटे होणारच, असं नाही. 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा धक्क्यातून सावरणं, 'रन इंटू' म्हणजे कुणी अचानक भेटणं. दोन्हींचा अर्थ शब्दांवरून लागत नाही, तरी सर्वनाम शेवटीच: 'गेट ओव्हर इट', 'रॅन इंटू हर'.

आता पाठांतर. क्रियापदवार यादी हीच मुळात चुकीची मांडणी आहे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट आऊट' म्हणजे विझवणं, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. या तिघांत 'पुट' सोडून समान काही नाही, मग एक दुसऱ्याची आठवण कशी करून देणार? यादी उलटी करा, मागच्या शब्दाने लावा. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' या सगळ्यांत 'अप' म्हणजे शेवटपर्यंत, काही न उरवता. मराठीत हे काम दुसरं क्रियापद करतं: 'खाऊन टाक', 'वाचून काढ'. 'पोहे खाऊन टाक' ऐकून कुणी पोहे फेकत नाही. 'ईट अप युअर पोहे'मधला 'अप' तसाच घ्या, वर बघू नका. अर्थ उपसर्ग जोडून फिरवायची सवय आपल्याला त्याही आधीची, संस्कृतातली आहे. एका 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतातच की.

'आऊट'मध्ये संपणं किंवा उघड होणं जास्त दिसतं: 'रन आऊट ऑफ', 'सेल आऊट', 'फाइंड आऊट', 'फिगर आऊट'. दुकानातलं जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) संपलं तर 'वी हॅव रन आऊट ऑफ जिरावन'. 'ऑफ'मध्ये तुटणं, थांबणं, निघणं: 'कॉल ऑफ', 'ब्रेक ऑफ', 'सेट ऑफ'. पलासियाला उतरवायला सांगायचं तर 'ड्रॉप मी ऑफ ॲट पलासिया'. पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर बंद पडला नव्हे, वाजला. 'द मिल्क वेंट ऑफ' म्हणजे दूध नासलं. असे अपवाद गटाबाहेर, वेगळ्या पानावर लिहा.

हे अवघड वाटतं म्हणून कमीपणा मानू नका. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यात जास्त अडतं ते या जोडांपाशी.

आपल्या चुका मात्र बऱ्याचशा मराठी-हिंदीतून येतात. 'माझ्यावर हसतो'चं 'लाफ ऑन मी' होतं. हवं 'लाफ ॲट मी'. 'त्याच्यावर विश्वास'चं 'बिलीव्ह ऑन' होतं. हवं 'बिलीव्ह इन'. 'तिच्याशी लग्न'चं 'मॅरिड विथ' होतं. हवं 'मॅरिड टू'. 'त्याच्यावर अवलंबून' तेवढं 'डिपेंड ऑन'शी नीट जुळतं, आणि या एका जुळणीमुळेच बाकीच्या 'वर'वर भरवसा बसतो. दुसरी खोड जादा शब्द जोडायची. 'डिस्कस अबाऊट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'रिटर्न बॅक' नाही, 'रिटर्न'. 'कोप अप विथ' नाही, 'कोप विथ'. हा 'अप' बहुधा 'कीप अप विथ'मधून घुसला असावा. 'आय पास्ड आऊट इन 2022' परदेशी माणसासमोर टाळाच. त्याला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडला होतात, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. फॉर्मसाठी ब्रिटिश 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आऊट'. टाकी मात्र 'फिल अप'.

मुलाखतीनंतरच्या ईमेलमधली ठरलेली चूक म्हणजे 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. यातला 'टू' प्रिपोझिशन, म्हणजे पुढच्या नामाला चिकटणारा शब्द आहे, त्याच्यापुढे 'मीटिंग'च येणार.

कुठे काय वापरायचं, हेही बघा. आपण इंग्रजी शिकतो ते अर्ज आणि पाठ्यपुस्तकांतून, म्हणून 'पोस्टपोन' आणि 'टॉलरेट' तोंडात बसलेले असतात आणि 'पुट ऑफ', 'पुट अप विथ' परके वाटतात. कार्यालयीन पत्रात पहिले ठेवा. कॉलवर ग्राहकाशी बोलताना दुसरे वापरा, नाहीतर बोलणं नोटीस वाचल्यासारखं वाटतं.

वहीत प्रत्येक जोड सर्वनामासकट पूर्ण वाक्यात लिहा: 'दे कॉल्ड इट ऑफ'. नुसतं 'कॉल ऑफ = रद्द करणे' लिहिलं तर जागा पुन्हा विसराल. एका वेळी एकाच मागच्या शब्दाचे पाच-सहा जोड पुरेत. लिहिताना आणखी एक बघा: क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे, नाम असेल तर बहुधा एक. 'लॉग इन' करायचं, आणि 'लॉगिन' विसरलं म्हणायचं. भूतकाळ झाला की बदल पहिल्या शब्दात होतो: 'लॉग्ड इन'. 'लॉगिन्ड' असा शब्द नाही.