अँटी-डी घेतल्यावर आयसीटी पॉझिटिव्ह आली तर

तुम्ही बी निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह, गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यात अँटी-डी (निगेटिव्ह आईच्या शरीराने बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध अँटीबॉडी बनवू नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन) घेतलं आणि ३२व्या आठवड्यात दुसऱ्या लॅबमध्ये आयसीटी (आईच्या रक्तातल्या अशा अँटीबॉडी शोधणारी इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट) ‘वीक पॉझिटिव्ह’ आली. रक्तपेढीत काम करताना असे रिपोर्ट वरचेवर समोर येतात. अँटी-डी म्हणजे तयार अँटीबॉडीच. ती टोचली की रक्तात येणार, आणि आयसीटी शोधते तीच. टोचलेली कुठली नि शरीराने बनवलेली कुठली, हे या टेस्टला कळत नाही. टोचलेली अँटीबॉडी कधीकधी दोन-तीन महिनेही दिसत राहते.

म्हणून आधी जुनी फाईल काढा. २८व्या आठवड्यात इंजेक्शनच्या आधी रक्त घेतलं होतं का? ती आयसीटी निगेटिव्ह असेल, तर आताची पॉझिटिव्ह बहुधा इंजेक्शनचीच. आधी टेस्टच झाली नसेल (दुर्दैवाने असं पुष्कळदा होतं), तर मात्र अंदाजावर राहू नका. पूर्वी गर्भपात झाला असेल, रक्त चढवलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता अँटीबॉडी नेमकी कोणती हे ओळखून टायटर (तिचं रक्तातलं प्रमाण) करायला हवा. लॅबच्या फॉर्मवर इंजेक्शनची तारीख आणि डोस लिहायला सांगाच. इंजेक्शनमुळे आलेला टायटर सहसा १:४ च्या वर जात नाही. तो चढत गेला तर शरीर स्वतः अँटीबॉडी बनवतंय असं धरतात. मग बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉप्लर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करून त्याला अ‍ॅनिमिया होतोय का ते पाहतात. अँटी-c (स्मॉल सी) किंवा केलसारखी दुसरीच अँटीबॉडी निघाली तर तिचा या इंजेक्शनशी संबंध नसतो. ती पॉझिटिव्ह गटाच्या बाईतही सापडते.

सासूबाई म्हणतात तसं पहिलं बाळ बहुतेकदा सुखरूप असतं, कारण बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळतं ते मुख्यतः प्रसूतीच्या वेळी. त्रास होतो पुढच्या बाळाला.

प्रसूतीनंतर नाळेच्या रक्तातून बाळाचा गट आणि डीसीटी (बाळाच्या लाल पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का ते पाहणारी टेस्ट) करतात. तुमच्या इंजेक्शनमुळे डीसीटीही हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा बाळाचं बिलिरुबिन (कावीळ किती ते यावरून कळतं) आणि हिमोग्लोबिन काय म्हणतंय ते बघा. बाळ पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत दुसरं अँटी-डी. ‘आयसीटी पॉझिटिव्ह आहे, आता काय उपयोग’ म्हणून कुणी ते टाळायला लागलं, तर इंजेक्शनच्या आधीचा आणि नंतरचा असे तारखांसकट दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवा. सुट्टीमुळे मुदत टळली तरी १० दिवसांपर्यंत ते देतात.