झाडांचा हिरवा ट्यूबमधून घेऊ नका

तुम्ही विचारलंय, जलरंगात झाडांचा हिरवा नैसर्गिक का दिसत नाही आणि ट्यूबमधला कुठला हिरवा घ्यावा. कुठलाच घेऊ नका.

या हिरव्यावरून आठवीत मी भर वर्गात रडले आहे, म्हणून लिहायला बसले. साल 1974, सावंतवाडीजवळचं गाव. शाळेमागे कोशिंबाचं जुनं झाड होतं. फाल्गुन सरताना कोशिंबाला पालवी फुटते ती लालभडक. लांबून वाटतं झाड फुललंय, पण ती पानंच असतात. मी दिसलं तसं लाल रंगवलं. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, "झाड कधी लाल असतं काय गो?" आणि माझ्याच ब्रशाने, लाल अजून ओला असताना, त्यावर हिरवा फिरवला. दोन्ही रंग एकमेकांत शिरले आणि चिखल झाला. कागद फुगला, त्याची सालं निघाली. मी खिडकीकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "परीक्षेत खिडकी नसते."

पुढे मीच ड्रॉइंग टीचर झाले. 1986 पासून दर उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच कोशिंबासमोर बसते. दोन वर्षं आजारपणात गेली, बाकी सदतीस पानं घरात आहेत. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि रंग लिहिलेले. पालवीमागून ऊन आलं की ती केशरी पेटते, समोरून आलं की नुसती तांबडी दिसते. मग तांबूस, मग पोपटी. एकाच फांदीला तिन्ही रंग सापडतात. हे घरात बसून सुचत नाही. फोटोवरूनही नाही, कारण फोटोत सावल्या काळ्या होऊन येतात आणि सावलीतला रंगच हरवतो.

आमच्या सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर (1882 ते 1968) यांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अख्खं जलरंगात. दिव्याच्या ज्योतीवर बाईने हात धरलाय आणि उजेड आरपार येऊन बोटं लाल झालीत. हात कधी लाल असतो का? उजेड तसा आला की असतो. पालवीचंही तेच.

आता तुमचा हिरवा. लेमन यलोत चिमूटभर प्रशियन ब्लू घातला की जूनमधला तरवा होतो, म्हणजे भाताच्या रोपांचा तो कोवळा पोपटी. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचा हिरवा मळकट येतो, जुन्या आंब्याला तोच लागतो. फणसाच्या गर्द सावलीसाठी अल्ट्रामरीन, गॅम्बोज (गडद पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). मिश्रण फार ओरडायला लागलं तर ब्रशाच्या टोकावर क्रिमसन घेऊन त्यात बुडवा. लाल जास्त पडला की हिरवा मरतो, जरासा पडला की शांत होतो. मास्तरांच्या त्या चिखलातून मी शिकले ती एवढीच गोष्ट. आणि पॅलेटवर घोटत बसू नका. दोन्ही रंग ओल्या कागदावरच भेटू द्या, म्हणजे कुठे पिवळा वर राहतो, कुठे निळा, आणि झाडात हवा खेळते. लांबच्या आंबोलीच्या डोंगराला तर हिरवा लावूच नका, पावसाळ्यातल्या दमट हवेत तो निळा-करडाच दिसतो.

जुलैत आमच्याकडे वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, तासभर वाळत नाही, तेव्हा दोन बोर्ड न्या आणि आलटून पालटून काम करा. देशावर मे महिन्यात उलट, तिथे कागद पाठीमागूनही भिजवून घ्यावा लागतो. कागद जाड, 300 जीएसएमचा, कॉटनचा असू द्या. वह्यांचा कागद दुसऱ्या हाताला दगा देतो.

ट्यूबमधला हिरवा अगदीच वर्ज्य नाही, हेही सांगते. व्हिरिडियनमध्ये बर्न्ट सिएना घालून सुरेख काळोख होतो, मी वापरते. नुसता मात्र लावू नका. आणि तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसणार असाल तर वेळ कमी असतो, तेव्हा सॅप ग्रीन वापरलात तरी चालेल.

त्या परीक्षांच्या सरावाला एकतीस वर्षं मी मुलांना खिडकीकडे तोंड करून बसवलं.