गर्भपिशवीचं अस्तर जाळायचं की पिशवीच काढायची?

प्रश्न : डॉक्टरबाई, मी 44 वर्षांची आहे. सोलापुरात पूर्व भागात राहते, विड्या वळते. वर्षभरापासून पाळी आली की आठ-आठ दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात, दोन तासांत पॅड भिजतं. मांडीवर विड्यांचं सूप घेऊन बसले की साडीला डाग लागला असेल या भीतीने उठवत नाही. हिमोग्लोबिन 7.8 आलंय. सोनोग्राफीत पिशवीला सूज आहे, गाठ नाही. एक डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, मुलं झालीत, आता तिचा काय उपयोग. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, आतलं अस्तर जाळता येतं, त्याच दिवशी घरी. जाऊबाई म्हणतात, जाळलं की पाळीचं रक्त आत साचतं आणि कॅन्सर होतो. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकट्याच्या वेळी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय. काय करू? आणि कामाला परत कधी बसता येईल?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ‘आता तिचा काय उपयोग’ हे वाक्य ऐकलं की मला आजही राग येतो. याच वाक्यावर आपल्या भागात किती बायकांच्या पिशव्या गेल्या! 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या, चौकशी समिती बसली. 2022 मध्ये केंद्र सरकारने विनाकारण पिशवी काढू नये म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या राज्यांना अमलात आणायला सांगितल्या. पिशवी काढावी लागते अशा बायकाही असतात, त्यांना मी स्वतः तसं सांगते. पण तुमच्या पत्रात तरी ती घाई करण्यासारखं काही दिसत नाही.

आधी रक्ताचं बघा. हिमोग्लोबिन 7.8 असताना कुठलंच ऑपरेशन घाईने करू नये. गोळ्या पचत नसतील तर सलाईनमधून लोह देतात, लवकर भरून येतं. गोळी घेत असाल तर चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मिळतात. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. थायरॉइडही तपासून घ्या.

आता त्या ‘सुजे’बद्दल. पिशवी थोडी मोठी दिसली की रिपोर्टात तसं लिहून येतं, आणि बायका घाबरतात. दोन बाळंतपणांनंतर पिशवी थोडी मोठी असणं साधं आहे. पण कधीकधी अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलेलं असतं, त्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात. पाळीत पोट फार दुखतं का तुमचं? दुखत असेल तर हे नक्की विचारा, कारण स्नायूत खोल गेलेलं अस्तर वरवर जाळून जात नाही, आणि मग तोच त्रास पुन्हा उभा राहतो. अशा बाईला मी आधी हार्मोनचं मिरेना बसवून बघायला सांगते. तांबीसारखंच आत बसतं, बरीच वर्षं चालतं आणि नको वाटलं तर काढता येतं.

अ‍ॅडिनोमायोसिस नसेल तर अस्तर जाळणं हा तुमच्यासाठी चांगला मार्ग आहे. मात्र त्याआधी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. आत काही वाईट असेल तर ते जाळून झाकायचं नसतं.

पोटावर टाका पडत नाही. भूल देऊन खालच्या वाटेने आत जातात. एका पद्धतीत पिशवीत छोटा फुगा ठेवून त्यात गरम पाणी भरतात, आठ-दहा मिनिटांत काम होतं; दुसरीत रेडिओलहरींची जाळी असते, ती दोनेक मिनिटांत. जाऊबाईंना सांगा, पाळीचं रक्त येतं ते अस्तरातूनच. अस्तर गेलं की साचायला रक्त तयारच होत नाही, आणि याने कॅन्सर होत नाही. अंडाशय जागेवर असतात, त्यामुळे रक्त जाणं थांबलं तरी रजोनिवृत्ती (मेनोपॉज) लवकर येत नाही.

साचण्याचा प्रश्न एका ठिकाणी मात्र खरा आहे आणि तो तुम्हाला लागू पडतो. कोपऱ्यात थोडं अस्तर उरलं आणि नळ्या बांधलेल्या असल्या, तर दर महिन्याला तिथे रक्त अडकून कुशीत कळ येऊ शकते. सगळ्यांना होत नाही. पण पुढे महिन्याच्या महिन्याला एका बाजूला दुखायला लागलं तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना नळ्या बांधल्याचं सांगा.

त्या दिवशी पाळीसारख्या कळा येतात, मळमळतं. दुसऱ्या दिवशी बहुतेक बायका उठून फिरतात. गुलाबी, मग पाण्यासारखं जात राहतं, दोन-चार आठवडे; त्याला घाबरू नका, पॅड वापरा. विड्या वळायला तीन-चार दिवसांत बसता येईल, पण सूप मांडीवर घेऊन सलग नको, मध्ये उठा. नळाला पाणी येतं त्या दिवशी घागरी भरायचं काम आठवडाभर घरातल्या पुरुषांना करू द्या. संबंध दोन आठवडे नकोत. ताप, वास येणारा स्राव, वाढत जाणारं पोटदुखणं किंवा तासाला एक पॅड भिजणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फरक किती पडला हे तीन-चार महिन्यांनी कळतं. पाळी बहुतेकींची कमी होते, काहींची पूर्ण बंद होते, आणि काही जणींना पुढे काही वर्षांनी पिशवी काढावीच लागते. चाळिशीच्या अलीकडच्या बायकांत हे जास्त होतं; तुम्ही 44 च्या आहात, ही तुमच्या बाजूची गोष्ट.

तुकड्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणालाही तारीख देऊ नका.