पोर्ट बसवायचा म्हणजे आजार वाढलाय का?

केमोसाठी पोर्ट, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत सोडायला कातडीखाली बसवायची डबी, सुचवला की माझ्यापुढे येणारा पहिला प्रश्न ऑपरेशनचा नसतोच. "मॅडम, खरं सांगा, फार पुढे गेलंय का?" उजव्या स्तनाचं ऑपरेशन झालेल्या एका ताईंनी हे विचारलं, तेव्हा सोबतचे दीर खाली बघत बसले होते. शेजारच्या कुणाला पोर्ट बसवला आणि त्या वर्षभरात गेल्या, यावरून घरात निष्कर्ष निघाला होता.

मी त्यांना हात दाखवायला सांगितलं. डाव्या हातावर सुयांचे काळेनिळे डाग. उजव्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या, म्हणून त्या हाताला सुई शक्यतो नको. केमो मात्र १६ : आधी ४, मग दर आठवड्याला एक अशा १२. त्यातलं लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जाळतं. पोर्ट सुचवला तो शिरा आणि औषधं बघून. आजाराच्या टप्प्याचा त्यात काही संबंध नव्हता.

खणातला नमुना त्यांच्या हातात दिला. नाण्याएवढी डबी, वर सुई टोचायचा सिलिकॉनचा पडदा, पुढे बारीक नळी. डबी गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसते. नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. हृदय म्हटल्यावर त्या दचकल्या. तिथे रक्ताचा ओघ मोठा, औषध लगेच पातळ होतं, हे पटायला वेळ लागला. लागू दिला.

दीर चहाला गेले आणि मनातलं बाहेर आलं. ब्लाउजच्या गळ्यातून दिसेल का? दिसणार नाही असं मी कुणालाच सांगत नाही. बारीक अंगाच्या बाईला उंचवटा जाणवतोच. पण ब्राचा पट्टा, मंगळसूत्र कुठे येतं ते सर्जनना आधी दाखवलं, तर जागा थोडी इकडेतिकडे करता येते. दंडातून घालायची पिक लाइनही त्यांना समजावली. तिची नळी बाहेर राहते, आठवड्याला ड्रेसिंग, पाणी लागू द्यायचं नाही. "मग भांडी कोण घासणार?" म्हणत त्यांनी पोर्ट घेतला.

केमो संपली की लोक पोर्ट विसरतात. काढेपर्यंत तो ठरलेल्या तारखेला फ्लश करावा लागतो, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून सलाइन सोडून धुवावा लागतो, बहुतेक ठिकाणी महिन्याला एकदा. ती तारीख मी दिरांच्या फोनमध्ये घालायला लावली. सोबत हेही सांगितलं, की फ्लशनंतर हुडहुडी भरून ताप आला किंवा मान, हात सुजला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.