वाचक विचारतात : कयाक वाऱ्याकडे का वळते?

प्रश्न : क्लबच्या सहलीत दुपारी गोव्यात मांडवी नदीतून चोडणहून रायबंदरकडे येताना माझी कयाक सारखी पश्चिमेला तोंड करते. उजव्या बाजूनेच वल्हवून खांदा भरून येतो. दोष माझा की होडीचा?

उत्तर : फारसा कुणाचाच नाही. पुढे जाताना नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पाण्यात घट्ट धरलेली असते, मागचा भाग मोकळा. बाजूचा वारा त्यालाच ढकलतो, की नाळ वाऱ्याकडे फिरते. स्केग (मागे तळाच्या खाचेतून पाण्यात सोडायची पात) असेल तर अर्धीच सोडा. पूर्ण सोडली तर नाळ उलट दिशेला पळू शकते. सोडूनही खाली येत नसेल तर खाचेत खडा अडकलेला असतो, वाळूवरून होडी ओढणाऱ्यांचा हा हमखास अनुभव. म्हणून निघण्यापूर्वीच तपासा. स्केग नसेल तर पाण्याची बाटली, डबा सीटमागे सरकवून बांधा. तरीही वळली, तर होडी वाऱ्याच्या बाजूला किंचित कलती धरा आणि त्याच बाजूने लांब, अर्धगोल वल्हे मारा.

खरा उपाय मात्र वेळेचा. दुपारी समुद्रावरून वारा येतो. त्यात ओहोटी असली की मांडवीत आखूड, उभ्या लाटा उठतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. सकाळी ११च्या आत परता. आणि फेरीबोटीच्या पुढून कधीही काढू नका, मागूनच जा.