‘पेटिफॉगिंग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कधी वापरतात?

धुक्याशी किंवा डासांच्या धुराशी या शब्दाचा काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगतो. कारण त्यापायी सोसायटीत चार वर्षं माझी थट्टा चालू आहे.

आम्ही कोथरूडला राहतो. फाटकावर पाटी होती, ‘येथे वाहने लावू नयेत.’ तळमजल्यावरचे एक निवृत्त वकील काका स्कूटर बरोब्बर तिथेच लावायचे. विचारलं तर म्हणाले, "पाटीवर अनेकवचन आहे. माझं वाहन एकच." मी पदरचे पैसे घालून ‘वाहन लावू नये’ अशी पाटी रंगवून घेतली. तर म्हणे, "मी लावत कुठे, पाच मिनिटं उभी करतो."

शेवटी चिडून कमिटीला इंग्रजीत पत्र दिलं (मराठीत दिलं असतं तर काकांनी ऱ्हस्व-दीर्घ काढले असते) की हे पेटिफॉगिंग बंद करा. सेक्रेटरींनी ते सभेत वाचलं आणि म्हणाले, "फॉगिंग महापालिका करते, आपल्या हातात काय आहे?" सगळे खो खो हसले. इतिवृत्तात नोंद झाली, ‘डासांबाबत तक्रार’.

असो. मूळ शब्द ‘पेटिफॉगर’, १६व्या शतकातला. फुटकळ खटले घेऊन लांड्यालबाड्या करणारा वकील. क्रियापद त्यावरून मागाहून पाडलं. ‘पेटी’ म्हणजे क्षुल्लक. ‘फॉगर’चं नातं काहीजण ऑग्सबुर्गच्या फुगर या सावकार घराण्याशी जोडतात, पण ते पक्कं नाही. नुसती खुसपटं काढण्यासाठी ‘कॅव्हिल’ पुरतं. पेटिफॉगिंगला नियमाचा आधार आणि थोडी लबाडी, दोन्ही लागतं.

मराठीत कृपा करून ‘काथ्याकूट’ म्हणू नका, त्यात लबाडी नाही. ‘शब्दच्छल’ म्हणा. न्यायसूत्र या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात वाक्छलाचं, म्हणजे शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ लावण्याचं, उदाहरण आहे: हा मुलगा ‘नवकंबल’, म्हणजे नवं कांबळं असलेला. पण संस्कृतात ‘नव’ म्हणजे नऊसुद्धा. समोरचा म्हणतो, नऊ कुठायत, एकच तर दिसतंय! काकांचा एकवचनी डाव निदान दीड हजार वर्षांचा शिळा आहे, आणि सभेला वाटलं काय हुशारी!

सगळे वकील असे नसतात. आमच्या काकांनीही माझा भाडेकरार एक पैसा न घेता तपासून दिला होता.

इतिवृत्त दुरुस्त करा म्हणून यंदा पुन्हा अर्ज दिलाय. काका म्हणतात, पत्रात तो शब्द जोडून लिहिला होता की तोडून, ते आधी दाखवा.

जोडूनच लिहिला होता.